भेगेवरच्या सात काचा

लातूरच्या गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, जुन्या बँकेच्या इमारतीला अलीकडे पुन्हा रंगरंगोटी केली आहे. भाचीनं मोबाइलवर फोटो पाठवला. पिवळा रंग, पांढऱ्या कडा, गच्चीच्या कठड्यावर दिव्यांच्या माळा. खाली तिनं लिहिलं होतं, ‘मावशी, तुम्ही खरंच इथे राहत होतात?’ राहत होतो बाई. दिव्यांची शेवटची माळ जिथं लोंबते ना, तिथं आमची चूल होती. अठरा वर्षं मी त्या चौथ्या माळ्यावर काढली आणि त्या अठरा वर्षांतले शेवटचे चार महिने मला जसे आठवतात तसं नंतरचं काहीच आठवत नाही. परवा भाजी आणायला गेले आणि पिशवी घरीच विसरले, ही माझी आताची स्मरणशक्ती. पण त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीची भेग मी आजही कागदावर काढून दाखवीन.

चार माळे म्हणजे काय मोठंसं, असं आता कुणीही म्हणेल. त्या काळी लातुरात बैठी घरं आणि पत्र्याची दुकानं. त्यात ही तळमजला सोडून चार माळ्यांची, काळ्या दगडाच्या जोत्यावर चुन्याविटांत उठवलेली इमारत. निजामाच्या राज्यात कुणी शेटजी हैदराबादेला जाऊन आला, तिथल्या उंच पेढ्या पाहून आला आणि आपल्याही गावात अशी बँक पाहिजे म्हणून हट्टाला पेटला, असं अप्पा सांगत. बाजाराच्या दिवशी शिरूर अनंतपाळकडची माणसं बैलगाडी सोडून आधी ही इमारत बघायला येत. मान मागं टाकून वर बघता बघता डोक्यावरची टोपी पडायची, म्हणून लोकांनी तिचं नावच ‘टोपीपाडी बँक’ ठेवलं होतं. बँक म्हणाल तर ती पोलीस ॲक्शननंतर लवकरच बंद पडली. पितळी जाळीच्या खिडक्या तेवढ्या राहिल्या, त्यांच्यामागं आडत दुकानं आली. तिजोरीच्या खोलीत, जिथं म्हणे सोन्याच्या विटा होत्या, तिथं माझ्या लहानपणी मिरच्यांची पोती असत. दार उघडलं की रस्त्यावरची माणसं शिंकत जायची.

अप्पा त्या इमारतीचे कामदार. मालक उदगीरला राहत. भाडेकरूंची तक्रार, गळका पन्हाळ, तुटलेली पायरी, सगळं अप्पांनी बघायचं आणि त्या बदल्यात चौथ्या माळ्यावरच्या दोन खोल्या आणि गच्ची आमची. गच्ची म्हणजे राज्य होतं. सकाळी खाली सौदे सुरू झाले की हमालांच्या आरोळ्या, गाड्यांच्या चाकांचा खडखडाट, तुरीच्या ढिगात फावडं घातल्याचा सर्रकन आवाज, हे सगळं वर येईपर्यंत मऊ होऊन यायचं. कबुतरं तर आमच्याबरोबरच जेवायची. आई उदगीरची, घरात कानडी मिसळलेलं बोलणं. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वाचा दिवस महादेवाच्या पूजेनं सुरू व्हायचा आणि चुलीवरच्या भाकरीनं संपायचा. तिच्या हातच्या येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीचा वास जिन्यानं खाली उतरायचा आणि दुसऱ्या माळ्यावरचे वकीलसाहेब अशिलाला सोडून विचारायचे, “कामदारीणबाई, आज येसर का?” अव्वा वाटी पाठवायची. अभिमान मात्र तिला आमटीचा नव्हता, पाण्याचा होता. चार माळे चढून आलेलं पाणी ती असं वापरायची की थेंब वाया जाऊ नये. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पहिलं पाणी सारवणाला. “पानी काय आभाळातून पडतं व्हय?” असं ती म्हणायची आणि मराठवाड्यात हा प्रश्न विनोद नव्हता.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी लहान होते. रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरीची चव आणि दुष्काळी कामावर वाटायच्या त्या सुकडीचा वास एवढंच त्यातलं जिभेवर राहिलं आहे. त्याच वर्षी इमारतीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात भेग पडली. वरून सुरू होऊन, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून तिरकी उतरत ती दुसऱ्या माळ्यापर्यंत गेली. पहिल्यांदा तिच्यात काडी जायची, नंतर माझी करंगळी जाऊ लागली. अव्वानं तिच्यात शेणमाती भरली, वरून चुना मारला. पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा डोकावली. दहा वर्षं हेच चाललं. घरात एखादा हेकट म्हातारा असावा आणि सगळ्यांनी त्याला सांभाळून घ्यावं, तसं आम्ही त्या भेगेशी वागत होतो.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून वेगळा निघाला. गंजात गुलाल उधळला, आडत्यांनी पेढे वाटले, हमालांनी हलगी लावून नाच केला. आता जिल्हा झाला म्हणजे नळाला रोज पाणी येणार, असं अव्वाला कुणीतरी सांगितलं होतं. नळाचं माहीत नाही, पण साहेब लोक मात्र रोज येऊ लागले. कचेऱ्यांना जागा पाहिजे होत्या आणि गावात मोठी इमारत म्हणाल तर टोपीपाडी. एका खात्यानं ती भाड्यानं घ्यायची तयारी दाखवली, अट एकच, आधी दुरुस्ती करून द्या. मालकांनी सोलापूरहून पाटणकर नावाचे इंजिनियर आणले. चष्मा, खिशात तीन पेनं, फार कमी बोलणं. त्यांनी चारही माळे पाहिले, आमच्या भेगेत पट्टी घातली आणि मालकांना सांगितलं, “भेग जिवंत असेल तर वरचे दोन माळे उतरवावे लागतील. मेलेली असेल तर शिवून घेता येईल.” भेग जिवंत असते हे मी पहिल्यांदा ऐकलं. अव्वा पदर दातात धरून दाराआड उभी होती. वरच्या दोन माळ्यांत आमचं घरही जाणार, एवढं तिला बरोबर कळलं.

भेग जिवंत की मेलेली हे ठरवायला नांदेडहून रहीमचाचांना बोलावलं. गोदावरीकाठचे जुने घाट आणि देवड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. सत्तरी ओलांडलेली, मेंदी लावलेली दाढी, चुन्यानं फाटलेली बोटं. त्यांनी खिडकीच्या काचेच्या बोटभर रुंदीच्या सात पट्ट्या कापल्या आणि वरपासून खालपर्यंत सात ठिकाणी भेगेवर आडव्या बसवल्या, दोन्ही टोकं चुन्यानं पक्की चिकटवून. चार आमच्या माळ्यावर, त्यातली एक चुलीच्या बाजूला. “देखो बेटी,” ते मला म्हणाले, “दीवार बालभर भी सरकी तो काँच टूटती. काँच को सबर नै रहता.” चार महिने काचा शाबूत राहिल्या तर भेग मेलेली. रोज सकाळी काचा बघून वहीत लिहायचं होतं. हे काम खरं तर अप्पांचं, पण अप्पांची शाळा निजामाच्या राज्यातली, त्यांचं सगळं लिहिणं उर्दूत, उजवीकडून डावीकडे. ते पाटणकर साहेबांना वाचता येईना. अप्पा कसनुसे हसले आणि वही माझ्यापुढं सरकवली. मी नुकतीच बारावी झाले होते आणि पुढं काय याचा घरात कुणी विषय काढत नव्हतं. त्या वहीचा मला केवढा डौल! रोज अंघोळ झाली की वेणी घालून, पेन्सिलीला टोक करून मी सात काचांची फेरी करायची आणि सात वेळा लिहायची, ‘शाबूत’.

त्या वर्षी पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. तीन महिने काचा गप्प राहिल्या. आडातलं पाणी तळाला गेलं, टँकर आला की गंजात भांडणं जुंपत. अव्वानं पुन्हा दुष्काळातली शिस्त लावली. अंघोळ मोठ्या परातीत बसून करायची, ते पाणी न्हाणीत सोडायचं नाही, बादलीत भरून खाली चहावाल्याच्या गाईला द्यायचं. तिच्या सांगण्यावरून खालच्या तिन्ही माळ्यांवरच्या बायकांनीही तसंच सुरू केलं. गाय टुणटुणीत झाली. अव्वाला त्याचं लई समाधान. “मुक्या जिवाच्या मुखी गेलं,” म्हणायची.

चौथ्या महिन्यात अप्पा आणि रहीमचाचा नांदेडला गेले, दुरुस्तीला जुने कारागीर ठरवायला. त्याच दिवसांत आमच्या गच्चीवर मसाल्याचं कांडण होतं. इमारतीतल्या बायका जमल्या, मिरच्या-धने भाजून झाले, ऊन झालं म्हणून उखळं आत स्वयंपाकघरात ओढली आणि दोघी-दोघी मिळून मुसळं चालली. दिवसभर भिंती दणदणत होत्या, बायका ठसकत होत्या, हसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन आले तर चुलीजवळची काच तुटलेली. मधोमध, उभी, भेगेच्या रेषेवर. दोन तुकडे आपापल्या टोकाला चिकटून होते आणि मध्ये दोऱ्याएवढी फट.

अव्वा माझ्या मागं येऊन उभी राहिली.

“मुसळानं फुटली,” ती म्हणाली. “माझ्याच हातानं. भिंतीनं न्हाई.”

“अव्वा, लिहावं लागंल.”

“काय लिवतीस? मसाला कांडला म्हणून माझं घर पाडा, आसं लिव.”

तिनं मला खाली पाठवलं, कशाला तेही आठवत नाही, बहुधा काडेपेटी आणायला. मी परत आले तेव्हा भिंतीवर नवी काच होती. चाचांनी उरलेल्या पट्ट्या एका डब्यात ठेवल्या होत्या, भिजवलेला चुना मडक्यात होता, आणि काच कशी बसवतात हे अव्वानं चुलीपुढं बसून चार महिन्यांपूर्वीच पाहिलं होतं. ओल्या चुन्यावर तिनं चुलीतली राख बोटानं फासली, म्हणजे तो जुना दिसावा. हात सफाईचा होता, हे आजही कबूल करते. मग तिनं माझ्याकडं न बघता पीठ मळायला घेतलं. मी वहीत सातही वेळा लिहिलं, ‘शाबूत’. मुसळानंच फुटली असणार असं मी स्वतःला समजावत होते, पण मुसळाच्या हादऱ्यानं काच कुठंही फुटली असती, नेमकी भेगेवरच सरळ कशी फुटली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढचे चार दिवस मी रोज तेच लिहीत गेले. पेन्सिलीला टोक करायचंही मी सोडून दिलं होतं.

सहाव्या दिवशी पाटणकर साहेब आले. अप्पा आणि चाचा नांदेडच्या गाडीतून उतरून थेट वरच आले. चाचा इतके दमले होते की उंबऱ्यावरच बसले. साहेबांनी खालपासून एकेक काच बघितली, बोटानं टिचकी मारली, शेवटी आमच्या चुलीजवळ आले. नव्या काचेवरही टिचकी मारली. त्यांनी मान डोलावली. अप्पांचा चेहरा असा उजळला की तो मला अजून दिसतो; लग्न झाल्यापासून ते त्या दोन खोल्यांत राहत होते. अव्वानं चहाचे कप आणून ठेवले. साहेबांनी वही चाळली, पान पान बघितलं आणि पहिल्यांदाच हसले.

“अक्षर चांगलं आहे. रोज तूच बघत होतीस?”

“हो.”

“मग इथं शेवटी लिही, सर्व नोंदी मी प्रत्यक्ष पाहून केल्या आहेत. आणि खाली पूर्ण नाव लिहून सही कर. ही वही अहवालाला जोडायची आहे.”

तोवर मी कुठं सही केलेली नव्हती. म्हणजे शाळेच्या कागदांवर नाव लिहिलं असेल, पण सही म्हणून कुणी मागितली नव्हती. साहेबांनी तीन पेनांतलं एक काढून माझ्या हातात दिलं. मी वाक्य लिहिलं. पेन खाली नेलं आणि ‘शि’ काढला. तेवढ्यात अव्वाचा हात पेनावर आला. पिठाचा हात, पानावर पांढरे ठसे उमटले.

“साकु,” ती म्हणाली. पुरे. तिला आवरेनासं झालं की कानडीच यायचं. मग साहेबांकडं वळून म्हणाली, “साहेब, ती काच म्या बसवली. आधीची फुटली व्हती. पोरीचा काही दोष न्हाई, तिचं नाव नका घालू त्याच्याखाली.”

अप्पांच्या हातात कप तसाच राहिला. साहेबांचा चेहरा लाल झाला. “बाई, कळतंय का तुम्हाला काय केलंत? उद्या इथं शंभर माणसं कामाला बसली असती.”

“कळतंय,” अव्वा म्हणाली. “रोज कळून राहिलंय. माझं घर व्हतं म्हणून मी खोटं वागले. माझं म्हणून वागले. हिच्या नावानं न्हाई वागायची.”

चाचा उंबऱ्यावरून उठले. त्यांचा आवाज शांत होता. “भाबी, टूटेले टुकडे फेके क्या?” अव्वानं पिठाच्या डब्यामागून फडक्याची पुरचुंडी काढली. टाकून द्यायचं तिला जमलं नव्हतं. चाचांनी तुकडे चुलीपुढं जुळवले, डोळ्यांजवळ नेऊन कडा बघितल्या आणि साहेबांना म्हणाले, “मार से नै टूटी. खींच के टूटी. दीवार सरकी.” मग त्यांनी वाकून खिडकीतून खाली पाहिलं. पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथं चारही माळ्यांच्या न्हाण्यांचं पाणी पन्हाळातून उतरायचं, तिथली कर्दळ आणि केळी वाळून गेली होती. चाचांनी विचारलं, न्हाणीचं पाणी कधी बंद केलंत? अव्वानं सांगितलं, दोन महिने झाले, गाईला देतो. चाचांनी कपाळावर हात ठेवला.

तेव्हा आम्हाला कळलं. लातूरची काळी माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते. बांधणाऱ्यानं ते ओळखून न्हाणीचं पाणी मुद्दाम त्या कोपऱ्यात सोडलं होतं, म्हणजे पायाखालची माती ओली राहावी. मोठ्या दुष्काळात बायकांनी अंघोळीचं पाणी वाचवलं, माती सुकली, कोपरा खचला आणि भेग पडली. आताही तेच झालं होतं. चाचांना हे ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी खाली आडत दुकानात बसून अप्पांना, मालकांना, साहेबांना ते समजावलंही होतं. पाया ओला ठेवा म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. पण चार जिने चढून ते बायकांना सांगायचं कुणालाच सुचलं नाही, आणि पाणी तर बायकांच्याच हातात होतं. माझा राग अजूनही तिथंच अडतो. अव्वानं आयुष्यात ज्या एका गोष्टीचा अभिमान धरला, तिनंच तिच्या घराची भिंत खचवली, आणि अख्ख्या इमारतीत तिला हे सांगायला कुणी दोन वाक्यं बोललं नव्हतं.

साहेबांनी बराच वेळ हिशेब मांडला, चाचांशी बोलले, खाली जाऊन जोतं खणून बघून आले. माळे पाडावे लागणार नाहीत, असं ते परत आल्यावर म्हणाले. कोपऱ्याचा पाया खाली दगडानं भरून घेऊ, भिंतीत लोखंडी पट्ट्या घालू, पाण्याची वाट पुन्हा सुरू करू. “भिंत आत्ता का सरकली ते कळलं, म्हणून हे करता येतंय,” ते म्हणाले. मग अप्पांकडं न बघता पुढचं सांगितलं. चौथा माळा मात्र रिकामा करावा लागेल. वर माणसं, चूल, पाण्याचे रांजण यांचं वजन नको. दुरुस्तीनंतरही नको. एका आठवड्यात.

अप्पा “हाव” म्हणाले. जिन्यात जाऊन बसले, आणि चाचा त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

अव्वानं हात धुतले. कोपऱ्यात ठेवलेल्या बादलीत नाही, न्हाणीत, आणि पाणी पन्हाळातून खाली गेल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. मग तिनं वही माझ्यापुढं ठेवली.

“आता लिव. फुटली म्हणून लिव. कोन्या दिवशी फुटली त्ये लिव, म्या बदलली त्येबी लिव.”

मी पाच दिवसांच्या नोंदींवर एकेक रेघ मारली आणि बाजूला खरं लिहिलं. पिठाच्या ठशांवर शाई पसरत होती. शेवटी पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली. पहिलीच सही, वेडीवाकडी आली. साहेबांनी वही घ्यायला हात पुढं केला, पण अव्वानं ती आधी स्वतःकडं ओढली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवर बोट ठेवलं.

“ह्ये तुझं नाव हाय?”

“हो अव्वा. शिवकांता.”

“सगळं?”

“सगळं. अप्पांचंबी हाय.”

तिनं त्या ओळीवरून एकदा सावकाश बोट फिरवलं, शाई वाळली का ते पाहिलं, आणि वही साहेबांना दिली. मग उठली आणि फळीवरची भांडी खाली काढायला लागली.